फ्रीमेसन लॉजचं आमंत्रण आलंय, आतली माहिती कुणाला आहे का?

गवाक्ष

नमस्कार मंडळी. नवऱ्याला त्याच्या कंपनीतल्या एका निवृत्त साहेबांनी फ्रीमेसन या जुन्या बंधुसंघटनेच्या लॉजमध्ये, म्हणजे शाखेत, सभासद हो म्हणून सुचवलंय. साहेब अतिशय सज्जन, आमच्या लग्नालाही आले होते, त्यामुळे माणसाबद्दल शंका नाही. नवऱ्याला उत्सुकता आहे. पण घरात विषय निघाल्यापासून वातावरण तापलंय, सासूबाईंना कुणीतरी व्हिडिओ पाठवला त्यात कवटी, त्रिकोणातला डोळा, सैतानाची पूजा असं सगळं आहे, आणि दीर म्हणतो हे लोक सरकारं पाडतात. नवरा म्हणतो रोटरीसारखंच आहे गं, फक्त जरा जुनं.

मला खरंच समजून घ्यायचंय. आत काय करतात? एवढं गुपित कशासाठी? धंद्यापाण्यात फायदा होतो म्हणतात ते कितपत खरं? आणि बायकांना का घेत नाहीत? ज्यांनी स्वतः पाहिलंय किंवा घरात कुणी सभासद होतं त्यांनी लिहा प्लीज. रोटरी, लायन्स, जायंट्स यांचे अनुभवही चालतील.

फोर्टातला_वाटसरू

चांगला विषय काढलात. मुंबईत फोर्टला स्टर्लिंग सिनेमाजवळ डी. सुखाडवाला रोडवर फ्रीमेसन्स हॉल आहे, हजारो लोक रोज समोरून जातात आणि ती इमारत कसली आहे ते बहुतेकांना माहीत नसतं. दारावर गुण्या आणि कंपास यांचं चिन्ह आहे. म्हणजे संस्था लपलेली नाही, पत्ता सगळ्यांना माहीत आहे, आतले विधी तेवढे बंद दाराआड होतात.

इतिहास थोडक्यात सांगतो. 24 जून 1717 ला लंडनमधल्या चार लॉज एका दारूच्या गुत्त्यात जमल्या आणि त्यांनी ग्रँड लॉज, म्हणजे शाखांवरची मुख्य संस्था, काढली, संघटित फ्रीमेसनरीची सुरुवात तिथून धरतात. त्यानंतर तेरा-चौदा वर्षांत ईस्ट इंडिया कंपनीच्या लोकांबरोबर ती कोलकात्यात पोचली आणि 1758 मध्ये मुंबईत. पण आपल्या लोकांना दार बंद. भाषा विश्वबंधुत्वाची आणि व्यवहार गोऱ्यांपुरता.

माणेकजी करसेटजी नावाचे पारशी गृहस्थ होते मुंबईत, शिकलेले, मोठ्या पदावरचे. त्यांनी मुंबईच्या लॉजकडे अर्ज केला, नाकारला. मग ते युरोपात गेले आणि पॅरिसला जाऊन मेसन झाले, परत आले तरी इथले गोरे बंधू त्यांना बंधू मानायला तयार नाहीत. शेवटी डॉ. जेम्स बर्न्स या स्कॉटिश डॉक्टरने पुढाकार घेतला आणि डिसेंबर 1843 मध्ये 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' ही लॉज मुंबईत निघाली, खास भारतीय लोकांना घेण्यासाठी. त्याच वर्षी जेजे हॉस्पिटलची पायाभरणीसुद्धा याच बर्न्सच्या हस्ते मेसॉनिक विधीने झाली होती.

हिंदूंना तर आणखी वाट पाहावी लागली. यांच्याकडे अनेक देव, मग एका परमेश्वराची शपथ हे कशी घेणार, असा युक्तिवाद. कोलकात्याच्या प्रसन्नकुमार दत्त यांनी वर्षानुवर्षं अर्ज करून, भांडून 1872 मध्ये प्रवेश मिळवला.

गवाक्षताई, तुमच्या चौथ्या प्रश्नाशी जोडून एक गोष्ट सांगतो. हेच माणेकजी करसेटजी, ज्यांना लॉजचं दार उघडायला एवढा त्रास पडला, त्यांनी 1863 मध्ये मुंबईत मुलींची अलेक्झांड्रा शाळा काढली, ती अजून फोर्टातच आहे. मुलींच्या शिक्षणासाठी समाजाचा विरोध पत्करला त्यांनी. पण त्यांच्यामुळे निघालेल्या लॉजमध्ये बाईला जागा नव्हतीच.

सह्याद्रीचा_वारा

वाचतोय. माझ्या आजोबांच्या ट्रंकेत चामड्याचा छोटा एप्रन आणि पांढरे हातमोजे सापडले होते, घरात कुणालाच कळलं नाही काय ते. आत्ता कळतंय. ते रेल्वेत होते.

माजी_सेक्रेटरी

मी सभासद आहे, आमच्या लॉजचा सेक्रेटरी म्हणूनही काम केलंय. ज्या गोष्टी न सांगण्याचं वचन दिलंय त्या सांगणार नाही, म्हणजे ओळखीच्या खुणा, हस्तांदोलनाच्या पद्धती, परवलीचे शब्द. बाकी सगळं मोकळेपणाने सांगतो. खरं तर ती गुपितंही जवळजवळ तीनशे वर्षांपूर्वीपासून छापून आलेली आहेत, पण मी शब्द दिलाय म्हणून मी बोलणार नाही, माझ्यासाठी त्या वचनाचा अर्थ एवढाच आहे.

@सह्याद्रीचा_वारा, तो एप्रन जपून ठेवा. पांढरा असेल तर तो कोकराच्या कातड्याचा असतो, पहिल्याच दिवशी बांधतात. पुढे पदानुसार त्यावर निळी किनार, फुलं वगैरे येतं. दगड घडवणाऱ्या पाथरवटांच्या कामाच्या कपड्यावरून ते आलंय. गुण्या, कंपास, ओळंबा, हातोडी ही सगळी गवंडीकामाची हत्यारं आमच्याकडे शिकवणुकीची साधनं आहेत. ओबडधोबड दगड म्हणजे नवा सभासद, घडवलेला चौकोनी दगड म्हणजे त्याने जे व्हायचं ते.

तीन पायऱ्या असतात, शिकाऊ, कारागीर आणि मास्टर मेसन. पहिल्या दिवशी डोळ्यांना पट्टी, गळ्यात दोरी, एका पायाची पँट गुडघ्यापर्यंत वर, अंगावर पैसा किंवा धातूची कुठलीही वस्तू नाही. का, तर माणूस आत येताना कंगाल आणि आंधळा येतो आणि त्या अवस्थेत त्याला दुसऱ्या कुणीतरी हाताला धरून नेलेलं असतं हे त्याच्या लक्षात राहावं. मला आजही तो प्रसंग आठवला की भरून येतं. मी त्या वेळी मोठ्या पदावर होतो, माझ्या खिशातलं पाकीट बाहेर ठेवून घेतलं आणि ज्याने माझा हात धरला होता तो एका साध्या दुकानाचा मालक होता.

शपथ ज्याच्या त्याच्या धर्मग्रंथावर. आपल्याकडच्या लॉजमध्ये गीता, कुराण, बायबल, ग्रंथसाहिब, अवेस्ता असे ग्रंथ शेजारी शेजारी ठेवलेले असतात. परमेश्वर मानणं ही अट आहे, कुठला ते कुणी विचारत नाही. लॉजमध्ये धर्म आणि राजकारण यावर चर्चा करायला सक्त मनाई. सैतान वगैरे काही नाही हो, सासूबाईंना माझ्यातर्फे सांगा. गळा चिरण्याच्या शिक्षांचा उल्लेख जुन्या शपथेत होता हे खरं आहे, त्यावरूनच निम्म्या कथा निघाल्या. इंग्लंडच्या ग्रँड लॉजने 1986 मध्ये त्या शिक्षा शपथेतून काढल्या.

भारताची स्वतंत्र ग्रँड लॉज 24 नोव्हेंबर 1961 ला झाली, रामपूरचे नवाब रझा अली खान पहिले ग्रँड मास्टर. काही जुन्या लॉज मात्र इंग्लंड-स्कॉटलंडच्याच छत्राखाली राहिल्या.

सभा म्हणजे काय, तर गडद सूट घालून जायचं, दाराबाहेर टायलर, म्हणजे राखणदार, तलवार घेऊन उभा, आत काळ्या-पांढऱ्या चौकटींची फरशी, पाठ केलेले लांबलचक संवाद, मग हिशेब, पत्रव्यवहार, आणि शेवटी एकत्र जेवण. खरी मैत्री त्या जेवणात होते.

सडेतोड

काकांचा आदर ठेवून लिहितो. सैतानाच्या गोष्टी मूर्खपणाच्या आहेत, मान्य. पण त्या मूर्खपणामुळे खरा प्रश्न बाजूला पडतो. खरा प्रश्न असा की जिथे न्यायाधीश, पोलीस अधिकारी, बँकेचे मॅनेजर आणि कंत्राटदार बंद दाराआड एकमेकांना भाऊ म्हणतात आणि एकमेकांना मदत करायची शपथ घेतात तिथे बाहेरच्या माणसाचं काय?

इटलीचं उदाहरण बघा. मार्च 1981 मध्ये पोलिसांनी लिचो जेल्ली या माणसाच्या मालमत्तेवर धाड टाकली आणि पी-टू नावाच्या लॉजची यादी हाती लागली, 962 नावं. मंत्री, खासदार, लष्करातले जनरल, गुप्तहेर खात्यांचे प्रमुख, संपादक, बँकवाले, आणि त्यात तेव्हाचे उद्योगपती आणि पुढचे पंतप्रधान बर्लुस्कोनीसुद्धा. सरकार पडलं. पुढच्या वर्षी या लॉजशी व्यवहार असलेला बँकर रोबेर्तो काल्वी लंडनच्या ब्लॅकफ्रायर्स पुलाखाली लटकलेला सापडला. हे व्हॉट्सॲप नाही, हे इटलीच्या संसदेच्या चौकशीत आलेलं आहे. पी-टूच्या या प्रकरणामुळे इटलीला 1982 मध्ये गुप्त संघटनांविरुद्ध कायदा करावा लागला.

माझा स्वतःचा अनुभव लॉजचा नाही, आमच्या शहरातल्या एका बड्या क्लबचा आहे, नाव घेत नाही. माझं छोटं इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टचं काम आहे. टेंडर भरायचो, दर कमी असायचे, काम चांगलं असायचं, तरी काही ठरावीक कामं ठरावीक लोकांनाच. पुढे कळलं की देणारा आणि घेणारा दर गुरुवारी एकाच टेबलावर जेवतात. कुणी लाच घेतली नाही, कुणी कायदा मोडला नाही. फक्त ओळख. माझ्या वडिलांना त्या क्लबात कुणी ओळखत नव्हतं आणि मलाही नाही, आमच्या आडनावाचा तिथे एकही माणूस नव्हता. या गोष्टीला काय म्हणायचं तुम्हीच सांगा.

माजी_सेक्रेटरी

सडेतोड, तुमचा राग मला समजतो. पी-टूबद्दल एवढं सांगतो की इटलीच्या ग्रँड ओरिएंटने, म्हणजे तिथल्या मेसनांच्या मुख्य संस्थेने, ती लॉज 1976 मध्येच निलंबित केली होती, म्हणजे ती आमच्या नियमांबाहेरच चालू होती. पण हेही कबूल करतो की असा माणूस आमच्याच चौकटीत मोठा झाला आणि बरीच वर्षं कुणी हटकलं नाही.

कामधंद्यासाठी येणाऱ्याला घेऊ नये असा स्पष्ट नियम आहे, अर्ज करतानाच लिहून घेतात. तरीही ओळखीतून काम होतच नाही असं मी म्हणणार नाही. माणसं आहेत. आडनावांचं तुम्ही जे लिहिलंत ते मात्र मला लागलं. आमच्याकडे सभासद व्हायला दोन सभासदांनी नाव सुचवावं लागतं आणि मग गोळ्यांचं गुप्त मतदान, पांढरी म्हणजे हो, काळी म्हणजे नाही, काळ्या गोळ्यांवर प्रवेश अडतो. ज्याला त्याला आपल्या ओळखीतलाच माणूस सुचवायचा असतो, त्यामुळे एका वर्तुळातलेच लोक येत राहतात. कुणी ठरवून कुणाला बाहेर ठेवत नसेलही, पण परिणाम तोच होतो.

मडगावकार

आमच्या गोव्यात या विषयाला वेगळीच बाजू आहे. मी कॅथलिक. पोप बारावे क्लेमेंट यांनी 1738 मध्येच कॅथलिकांना मेसन व्हायला बंदी केली आणि ती आजही उठलेली नाही. 1983 मध्ये चर्चच्या नव्या कायद्यात मेसनांचं नाव राहिलं नाही तेव्हा अनेकांना वाटलं सुटलो, पण त्याच वर्षी व्हॅटिकनने खुलासा केला की बंदी कायम, आणि 2023 मध्ये पुन्हा तेच सांगितलं. त्यामुळे आमच्या घरांत कुणी मेसन असला तर ते पाद्रीपासून लपवायचे. आईच्या बाजूचे एक नातेवाईक होते, वारल्यावर दफनाच्या वेळी घरात कुजबुज झाली ती मी लहानपणी ऐकलीय.

दुसरं म्हणजे पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार. पोर्तुगालमध्ये 1935 मध्ये गुप्त संघटनांविरुद्ध कायदा झाला, रोख सरळ मेसनांवर होता, आणि सरकारी नोकराला आपण अशा संघटनेत नाही असं लिहून द्यावं लागायचं. सांगायचा मुद्दा असा की हुकूमशहांना यांची भीती वाटायची, सालाझार, फ्रँको, हिटलर सगळ्यांनी यांच्यामागे ससेमिरा लावला. पाकिस्तानातही 1972 मध्ये बंदी आली. जिथे लोक एकत्र बसून सरकारला न सांगता काहीतरी बोलतात ती जागा त्यांना नको असते. सडेतोड म्हणतात ते बरोबर, पण बंदी घालणाऱ्यांची यादी पाहिली की मला बंदीचीही भीती वाटते.

जुनी_कात्रणं

सासूबाईंच्या व्हिडिओबद्दल. सैतानपूजेच्या बहुतेक कथांचं मूळ एका माणसात सापडतं, लेओ ताक्सिल, फ्रेंच लेखक. आधी चर्चविरुद्ध लिहायचा, मग अचानक धर्मनिष्ठ झाल्याचं सांगून त्याने मेसन लोक सैतान पुजतात असं पुस्तकांमागून पुस्तकं लिहून सांगितलं, डायना वॉन नावाची एक बाई या पंथातून सुटून आली आहे असंही रचलं. बारा वर्षं लोकांनी विश्वास ठेवला, मोठमोठ्या धर्मगुरूंनी ठेवला. 19 एप्रिल 1897 ला पॅरिसमध्ये भरसभेत त्याने जाहीर केलं की सगळं माझ्या डोक्यातून निघालेलं आहे. सभागृहात एवढा गोंधळ झाला की पोलिसांच्या मदतीने त्याला बाहेर काढावं लागलं. त्याने स्वतः खोटं म्हणून सांगितलेल्या गोष्टी आज सव्वाशे वर्षांनी आपल्या फोनवर येतायत, हे मला फार अस्वस्थ करतं.

गवाक्ष

बाप रे, केवढी माहिती! ताक्सिलची गोष्ट सासूबाईंना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, म्हणजे एका खोटारड्यामुळे मी दोन रात्री झोपले नाही का. मग त्यांनीच मला विचारलं की सैतान नसेल तर मग सुनेला का नेत नाहीत.

तर काका, बायकांचं काय? खरं सांगा.

माजी_सेक्रेटरी

खरं सांगायचं तर पटणारं कारण माझ्याकडे नाही. अठराव्या शतकात नियम लिहिले गेले तेव्हा स्त्रिया आणि गुलाम दोघांनाही वगळलं होतं, स्वतंत्र जन्मलेला पुरुष अशी अट. पुढे तिचा अर्थ सैल झाला, पण पुरुष हा शब्द राहिला. जुनी परंपरा आहे म्हणून चालू आहे. वर्षातून एकदा लेडीज नाइट असते, त्याला कुटुंबासकट जातो, माझ्या सौ. येतात, पण ते उत्तर नव्हे हे मला कळतं.

बायकांना घेणारी शाखा मात्र आहे. 1893 मध्ये पॅरिसला मारिया देरैस्म यांनी स्त्री-पुरुष दोघांची लॉज काढली, आणि ॲनी बेझंट 1902 मध्ये त्यात आल्या, त्यांनीच ती इंग्लंड आणि भारतात पसरवली. आमची ग्रँड लॉज तिला मान्यता देत नाही. इंग्लंडमध्ये फक्त स्त्रियांच्या स्वतंत्र ग्रँड लॉजही आहेत.

कृष्णाकाठ

मी सांगलीकडची, रोटरीत आहे, अध्यक्षपदही केलंय, म्हणून लिहिते. नवरोबा म्हणाले रोटरीसारखंच आहे, तर तसं नाही हो ताई. रोटरीत विधी नाही, शपथ नाही, कुणीही पाहुणा म्हणून येऊन बसू शकतो. 1905 मध्ये शिकागोत पॉल हॅरिस या वकिलाने सुरू केली ती मुळात वेगवेगळ्या धंद्यातल्या लोकांची ओळख व्हावी म्हणूनच, सेवा नंतर आली. लायन्सही शिकागोचीच, 1917 ची. आपल्या मुंबईची जायंट्स, नाना चुडासामांनी 1972 मध्ये काढलेली.

पण बायकांना रोटरीनेही सुखासुखी घेतलं नाही. कॅलिफोर्नियातल्या दुआर्ते गावच्या क्लबाने तीन बायकांना सभासद केलं म्हणून वरिष्ठांनी त्या क्लबाचीच मान्यता काढली. प्रकरण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेलं, 1987 मध्ये निकाल बायकांच्या बाजूने लागला आणि 1989 मध्ये जगभरच्या रोटरीने नियम बदलला. तोपर्यंत आम्हाला इनर व्हील, म्हणजे रोटरीवाल्यांच्या बायकांचा क्लब. माझ्या सासूबाई इनर व्हीलमध्ये होत्या, अप्रतिम काम करायच्या, पण ओळख काय तर अमक्यांच्या मिसेस. मी रोटरीत थेट माझ्या नावाने गेले तेव्हा सगळ्यात जास्त आनंद त्यांना झाला.

काम काय होतं विचाराल तर पोलिओ. रोटरीने 1985 मध्ये जगातून पोलिओ घालवायचा असं ठरवून मोहीम काढली. आम्ही रविवारी बूथवर बसायचो, ऊसतोडीच्या पालांवर जायचो कारण ती मुलं कुठल्याच यादीत नसायची, आज इथे उद्या दुसऱ्या फडावर. बोटाला शाई लावायची, पुढचं पाल. भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये हावड्यात सापडला आणि 27 मार्च 2014 ला आपला देश पोलिओमुक्त जाहीर झाला. ते सगळं श्रेय रोटरीचं नाही, आशाताई, अंगणवाडी सेविका, सरकारी डॉक्टर यांनी जास्त पायपीट केली. पण आम्ही होतो तिथे.

वाईटही सांगते. पदग्रहण समारंभावर होणारा खर्च, शाली, बुके, मोमेंटो, फ्लेक्सवर कुणाचा फोटो मोठा यावरून रुसवे. एका वर्षी पदग्रहणाच्या जेवणावर जेवढे गेले तेवढ्यात एका शाळेचं स्वच्छतागृह झालं असतं. मी ते सभेत बोलले, दोघा-तिघांनी माझ्याशी बोलणं टाकलं. आणि सडेतोड म्हणतात ते टेबल आमच्याकडेही आहे. डॉक्टर, बिल्डर, कारखान्याचे संचालक, सोनार. पालावरच्या मुलाला डोस पाजायला सगळे तयार, पण त्या मुकादमाला सभासद करू का विचारलं तर शांतता.

थेम्सकाठचा_मराठी

लंडनहून. इथलं फ्रीमेसन्स हॉल ग्रेट क्वीन स्ट्रीटवर आहे, पहिल्या महायुद्धात गेलेल्या मेसनांचं स्मारक म्हणून बांधलेलं, 1933 चं. आत संग्रहालय आहे, कुणीही जाऊन बघू शकतो, मी मुलांना घेऊन गेलो होतो. माझ्या ऑफिसातला एक गुजराती मित्र मेसन आहे, उघडपणे सांगतो.

इथेही सडेतोड यांचाच वाद वर्षानुवर्षं चालू आहे, पोलीस आणि न्यायाधीशांनी आपण मेसन आहोत हे जाहीर करावं का. न्यायाधीशांना काही वर्षं ते सांगावं लागायचं, 2009 मध्ये ती अट काढली. माझं मत विचाराल तर ती ठेवायला हवी होती. खाजगी माणसाने कुठे जावं हा त्याचा प्रश्न, पण जो माझा निवाडा करणार त्याने कुणाला भाऊ मानलंय हे मला कळायला हवं.

सडेतोड

थेम्सकाठ, हेच. दार बंद ठेवा, पण आत कोण कोण आहे त्याची यादी दारावर लावा. माझं मागणं एवढंच आहे. कृष्णाकाठताई, तुमची मुकादमाची ओळ मी दोनदा वाचली.

गवाक्ष

सगळ्यांचे मनापासून आभार. आम्ही दोघांनी बसून धागा वाचला. नवरा साहेबांना भेटायला जाणार आहे आणि तीन गोष्टी विचारणार आहे: सभासदांची नावं घरच्यांना कळतील का, तो स्वतः खरेदी विभागात आहे तर लॉजमधल्या कुणाचं कोटेशन आलं तर त्याने ऑफिसात ते लेखी सांगितलं तर लॉजला चालेल का, आणि गेल्या काही वर्षांत नवीन आलेले लोक कोण, कुठल्या कुठल्या घरांतले. उत्तरं पटली तर जाईल. मला स्वतःला बायकांना वगळणारी जागा आवडणार नाही हे मी त्याला सांगितलंय, पण निर्णय त्याचा.

काका, शेवटचा प्रश्न. गेल्यावर नाही आवडलं तर बाहेर पडता येतं का? सासूबाईंना तेवढंच हवंय.

माजी_सेक्रेटरी

येतं. सेक्रेटरीच्या नावाने राजीनाम्याचं पत्र द्यायचं, वर्गणी बाकी असेल तर भरायची, येणं नाही असं सर्टिफिकेट मिळतं, झालं. कुणी घरी येत नाही, कुणी जाब विचारत नाही. माझ्या कारकिर्दीत अशी पत्रं मीच घेतलीत आणि त्यातले काही जण आजही माझ्याकडे चहाला येतात. कोटेशनचं लेखी कळवायला कुठल्याही लॉजने हरकत घेता कामा नये. साहेबांनी त्यावर आढेवेढे घेतले तर जाऊ नका म्हणावं.